तीन जुन्या ॲल्युमिनियम बोटी आणि मनोरीचा उतार

प्रकरण असं. बोरिवलीचे एक दंतवैद्य, वय साठीकडे झुकलेलं, गळाचा नाद कॉलेजपासूनचा. मनोरीच्या एका नाखव्याच्या होडीतून ते खाडीत जायचे, डिझेलचा खर्च द्यायचे, जिताडा लागलाच तर अर्धा नाखव्याच्या घरी. आता त्यांना स्वतःची छोटी बोट हवी होती. दोन माणसं, फार तर तीन, मनोरी-गोराईच्या खाडीत फिरायला, हवा शांत असेल तेव्हा मुखापर्यंत जायला. नवी नको, जुनी घेऊन आपल्या सोयीने बांधून घ्यायची. बोट, दुरुस्ती, इंजिन, ट्रॉली सगळं धरून साडेतीन लाखांच्या आत. आणि बोट पाण्यात उभी ठेवायची नाही. काम झालं की नाखव्याच्या घराशेजारच्या उतारावरून दोन माणसांनी ट्रॉलीवर ओढून वर घ्यायची. बाकी सगळं या शेवटच्या अटीने ठरवलं.

माझा धंदा ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनचा. पॉन्टून, गँगवे, वर्कबोटींची डागडुजी असं काम येत असतं, म्हणून बोटी बघायला मला बोलावलं. डॉक्टरांना परवानगी विचारूनच हे लिहितो आहे. विक्रेत्यांची नावं मुद्दाम देत नाही, त्यांनी काही गुन्हा केलेला नाही.

पहिला वाद मनोरीतच झाला. "डाक्टर, फायबरच घ्या," नाखवा म्हणाला. "फुटली तरी गल्लीत जोडून मिळते. ही पत्र्याची बोट फुटली तर कुठे नेणार?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुंबईच्या कोळीवाड्यांत फायबर जोडणारा हात कुठेही मिळतो, रेझिन आणि मॅट कुठेही मिळते. रोज धंद्याला जाणाऱ्या माणसाने फायबरच घ्यावी, असं मीही सांगेन. पण आपल्याकडची फायबर होडी समुद्राच्या धंद्यासाठी जाड बांधलेली असते, आणि पंधरा फुटांची तशी होडी ओल्या उतारावर चढवायला चार-पाच जण लागतात. पातळ पत्र्याची ॲल्युमिनियम बोट त्यापेक्षा हलकी. शिवाय ॲल्युमिनियम दगडावर आपटलं तर आधी पोचा पडतो, फुटणं पुढची गोष्ट. दोन माणसं आणि उतार या हिशेबात ॲल्युमिनियमच बसत होतं. नाखवा शेवटपर्यंत पूर्ण पटला नाही, पण बोटी बघायला प्रत्येक वेळी बरोबर आला.

अमेरिकेत असल्या बोटींचा जुना बाजार अफाट आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा ग्रमनसारख्या विमान कंपनीने रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या छोट्या नावा काढल्या आणि पुढे तिकडे तो घरगुती मालच झाला. आपल्याकडे तसं काही नाही. मुंबईच्या आसपास जुनी ॲल्युमिनियम बोट तीन ठिकाणांहून येते: बंद पडलेले तलावावरचे क्लब आणि रिसॉर्ट, सर्वेक्षण किंवा गाळ काढण्याची कामं करणारे कंत्राटदार, आणि दारूखाना, म्हणजे जुनी जहाजं तुटतात ते बंदर. आम्हाला योगायोगाने तिन्हीकडची एकेक मिळाली.

दारूखान्यातली लवकर निकालात काढतो. रे रोडच्या या भंगार बंदरात २०१४ साली आयएनएस विक्रांत तुटायला आली होती, त्यामुळे तिथे काय मिळत नाही हा प्रश्नच आहे. आम्हाला दाखवली ती एका जुन्या जहाजावरची ॲल्युमिनियमची लाइफबोट. धातू उत्तम, बैठकीखाली हवेच्या टाक्या, किंमत जवळपास वजनावर. डॉक्टर तिच्या प्रेमातच पडले. पण लाइफबोट दोन्ही टोकांना निमुळती असते. आऊटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावायचं इंजिन, टांगायला ट्रान्सम, म्हणजे मागची सपाट भिंतच नाही, आणि लांबी चोवीस फूट. ती उतारावर चढवायची तर अख्ख्या आळीला बोलवावं लागलं असतं. नाखव्याने तिच्यात आत उभं राहून चहा प्यायला, आणि आम्ही निघालो.

चकचकीत निळी

दुसरी बोट पनवेलच्या पुढे एका बंद रिसॉर्टच्या तळ्यावरची. चौदा फूट, रिव्हेटवाली, बाहेरून ताजा निळा रंग, तळाला लाल, आत करड्या कार्पेटची फरशी, दोन फिरत्या खुर्च्या, मागे छोटं इंजिन. दोन लाख दहा हजार. वरवर पाहता ती तयारच होती, चावी फिरवा आणि निघा. डॉक्टर खुर्चीत बसून गोल फिरले. तेवढ्यात मी विक्रेत्याला एक पाइप मागितला.

रिव्हेटची बोट घेताना तिला पाण्यात सोडण्याआधी पाणी तिच्यात सोडावं. ट्रॉलीवर उभी करायची, मागचा बूच लावायचा, आत घोटाभर पाणी भरायचं आणि खाली जाऊन बघायचं. विक्रेता कुरकुरला, पण पाइप आणला. पाचेक मिनिटांत तळाच्या मधल्या रांगेत थेंब धरायला लागले, मग दोन ठिकाणी धार. थेंब पडणं हा काही जीवघेणा आजार नव्हे; सैल रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट करता येतात. एकाने बाहेरून डोक्यावर हातोडी चालवायची, दुसऱ्याने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. पण त्यासाठी आतलं टोक हाताला लागलं पाहिजे. इथे त्याच्यावर कार्पेट, कार्पेटखाली प्लाय, प्लायखाली फोम.

कार्पेटचा एक कोपरा उचलू दिला. खाली प्लायला मारलेले स्क्रू साध्या लोखंडाचे, डोकी गंजून लाल. ते स्क्रू जिथे ॲल्युमिनियमच्या वांकांत, म्हणजे बोटीच्या आतल्या फासळ्यांत, उतरले होते, तिथे प्रत्येकाभोवती पांढरी भुकटी, नखाने उकरली की निघून येणारी. हा ॲल्युमिनियमचा गंज. दोन वेगळे धातू खाऱ्या किंवा नुसत्या ओल्या जागी एकमेकांना टेकले की कमजोर असतो तो झिजतो. लोखंड, स्टेनलेस, पितळ, तांबं या सगळ्यांपुढे ॲल्युमिनियम कमजोर. त्यात ओलं कार्पेट आणि ओला प्लाय धातूला चोवीस तास चिकटून. हवेत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बनतो आणि तो धातूला सांभाळतो. ओल्या बोळ्याखाली हवा मिळत नाही, थर तुटला की पुन्हा धरत नाही. प्लाय टिकावा म्हणून त्यात पुष्कळदा तांबंयुक्त औषध मुरवलेलं असतं, तेही पाण्याबरोबर झिरपतं.

तळाचा लाल रंग मला त्याहून खटकला. विक्रेत्याने रंगाऱ्याला "बोटीच्या तळाचा रंग" असं सांगितलं असणार, आणि रंगाऱ्याने लाकडी-फायबर होड्यांना लावतो तो दिला. शंख-शिंपले धरू नयेत म्हणून त्या रंगात क्युप्रस ऑक्साइड असतं, लाली त्याचीच. म्हणजे ॲल्युमिनियमला सगळीकडून तांब्याचं वेष्टण. गोड्या पाण्याच्या तळ्यात ते फारसं बोललं नसतं. मनोरीच्या खाऱ्या पाण्यात बोलू लागलं असतं. एका फुगवट्यावर नाण्याची कड घासली, तर रंगाखालून तीच पांढरी भुकटी.

मग वजन. चेन ब्लॉकला हँगिंग काटा लावला, इंजिन उतरवून बोट उचलली. मागच्या पाटीवर रिकामं वजन ११० किलो, काट्यावर १७१. खुर्च्या, प्लाय आणि कार्पेट मिळून फार तर तीसेक धरू. उरलेलं तेवढंच पाणी फोमने पिऊन ठेवलेलं. बुडताना बोटीला तरंगत ठेवायचा जो फोम, तोच तिला ओझं झालेला. इंजिन पुन्हा लावून त्याचा पाय धरून वर-खाली दाबला तर ट्रान्सम वाकत होता, म्हणजे पत्र्याच्या आतलं लाकूड गेलेलं. आणि शेवटचं: एका बाजूच्या रिव्हेटच्या रांगेवर आतून कुणीतरी सिलिकॉन फासलं होतं. सिलिकॉन एकदा लागलं की तिथे नंतर इपॉक्सी, सीलंट, रंग काही नीट चिकटत नाही. खरवडून घासत बसावं लागतं, आणि तरी खात्री नाही.

यातला एकही दोष बोट बनवणाऱ्याचा नव्हता. मूळ हल, म्हणजे बोटीचं नुसतं अंग, चांगलं होतं. कार्पेट, लोखंडी स्क्रू, लाल रंग, सिलिकॉन हे सगळं नंतरच्या हातांचं, कौतुकाने केलेलं काम. जुन्या ॲल्युमिनियम बोटीत वयापेक्षा ही डागडुजी महाग पडते, कारण ती आधी काढावी लागते आणि मग आपलं काम सुरू होतं. निळीला दोन लाखांवर निदान साठ-सत्तर हजार नुसतं उलटं फिरण्यासाठी गेले असते. परतीच्या रस्त्यात डॉक्टर गप्प होते. खुर्च्या खरोखर चांगल्या होत्या.

उरणची नागडी

तिसरी बोट उरणच्या बाजूला एका सर्वेक्षण कंत्राटदाराच्या आवारात टायरवर पालथी पडलेली. साडेपंधरा फूट, वेल्ड केलेली, अंगावर रंगाचा टिपूस नाही, करडी, पुढच्या तळाला दगडांचे पोचे. आत फरशी नाही, खुर्ची नाही, फोम नाही. ट्रान्समचं लाकूड बुरशीने काळं. इंजिन नाही. एक लाख दहा हजार. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अहो, हिच्यात घेण्यासारखं आहे काय?"

काही लपवलेलं नव्हतं. प्रत्येक वांक, प्रत्येक जोड उघडा दिसत होता. बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, तांब्याच्या वायरचा करंगळीएवढा तुकडा पडला होता, हिरवा झालेला. तो उचलला तर खाली बरोबर त्याच्या आकाराचा खड्डा. नाखव्याने त्यात नख घालून बघितलं. निळीच्या पोटात काय चाललं असेल ते त्याला मी पनवेलला सांगून पटलं नव्हतं, ते त्या वायरने सांगितलं. मागे सर्वेक्षणाचं यंत्र टांगायला लोखंडी ब्रॅकेट बसवलेली होती. तिच्या बोल्टभोवतीचे खड्डे डेप्थ गेजने मोजले, सर्वात खोल १ मिलिमीटरच्या आत.

मग पत्र्याची जाडी. नाखव्याचा पुतण्या गोदीत कामाला, त्याने अल्ट्रासॉनिक गेज आणला होता. तळाला लावला, आकडा आला ३.७. कंत्राटदार म्हणत होता ४ मिलिमीटर. "आठ टक्के खाल्लाय," पुतण्या म्हणाला आणि भाव पाडायला लागला. गेज तो गोदीत स्टीलवर वापरायचा, सेटिंग स्टीलचंच राहिलं होतं. हे यंत्र आवाज पत्र्यातून जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतं आणि वेगाने गुणतं. स्टीलमध्ये आवाज सेकंदाला साधारण ५,९०० मीटर जातो, ॲल्युमिनियममध्ये ६,३०० च्या वर. सेटिंग बदललं, तर त्याच जागी ३.९५. तळावर जागोजागी मोजलं, सगळीकडे तेवढंच. पुतण्याने भाव पाडणं थांबवलं नाही, ते वेगळं.

धातू कोणता हा त्याहून मोठा प्रश्न होता. ॲल्युमिनियम म्हणजे एक गोष्ट नव्हे. समुद्रातल्या वेल्ड केलेल्या हलला ५०८३ किंवा ५०८६ या जातीचं लागतं, त्यात मॅग्नेशियम चार टक्क्यांच्या आसपास. रिव्हेटच्या हलक्या बोटी बहुधा ५०५२ च्या. खिडक्यांच्या आणि स्ट्रक्चरच्या कामातलं ६०६१ किंवा ६०६३ दिसायला तसंच, पण वेल्डच्या शेजारी त्याची ताकद बरीच उतरते. कंत्राटदाराकडे बांधणीचं बिल होतं, त्यावर ५०८३-एच११६ लिहिलेलं. बिलावर काहीही लिहिता येतं. नशिबाने आधी कुणीतरी ट्रान्सम वरून कापून खाली आणला होता, आखूड शाफ्टचं, म्हणजे आखूड पायाचं इंजिन बसावं म्हणून. त्या कापलेल्या कडेचा एक चिमटाभर तुकडा घेऊन लॅबला दिला. मॅग्नेशियम ४.४ टक्के, मँगनीज ०.६. ५०८३ ची मर्यादा मॅग्नेशियम ४.० ते ४.९ आणि मँगनीज ०.४ ते १.०. बिल खरं निघालं.

एकच गंभीर गोष्ट सापडली. डाव्या बाजूला, ट्रान्समला आधार देणारा त्रिकोणी नी जिथे तळाच्या पत्र्यावर येऊन संपतो, तिथे केसासारखी रेघ. नुसत्या डोळ्यांनी ओरखडा वाटावा अशी. डाय पेनिट्रंटची, म्हणजे रंग मुरवून तडा उघडा पाडायची, किट खिशात होती. जागा पुसून लाल डाय मारला, थांबलो, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. लाल रेघ हळूहळू वर उमटली, चांगली नऊ सेंटिमीटर. डॉक्टरांचा चेहरा पडला. "रूट फ्रॅक्चर," ते म्हणाले. त्यांच्या धंद्यात असा दात काढतात.

आमच्या धंद्यात आधी विचारतात की तडा इथेच का. उत्तर समोरच होतं. नी जाड आणि ताठ, आणि तो पातळ पत्र्यावर एकदम चौकोनी टोकाने संपत होता. इंजिनचा प्रत्येक धक्का नीमधून येऊन त्या एका टोकाशी पत्र्याला वाकवायचा. उजव्या बाजूचा नीही तसाच होता, तिथे तडा नव्हता एवढंच. म्हणजे पुढेमागे आलाच असता. कारण कळलेला तडा मला न सापडलेल्या दहा गळत्यांपेक्षा परवडतो.

भाव तिथेच ठरला. काट्यावर बोट १६५ किलो. त्या दिवशीच्या भंगार भावाने नुसत्या धातूचे पंचवीस-तीस हजार झाले असते, हा खालचा तळ. नव्याने अशी हल बांधायला काय लागेल हे मला ठाऊक होतं, हा वरचा. मध्ये तडा, ट्रान्सम आणि पुतण्याची घासाघीस. ब्याऐंशी हजारांवर सौदा झाला. त्यात बांधणीचं मूळ बिल, विक्रीपत्र आणि बोटीवर कसलं कर्ज नाही असं लिहून घेतलं. हे कागद नसते तर मी घेऊ दिली नसती. हौशी वापराची बोट नोंदवायला महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाकडे जावं लागतं. मासेमारीची नौका म्हणून नोंदवायची तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे. दोन्हीकडे पहिला प्रश्न असतो, ही आली कुठून.

पावसाळ्यातलं वेल्डिंग

काम जून-जुलैत धरलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कोळीवाड्यातले सगळे मेस्त्री आणि फायबरवाले तेव्हा होड्या काढून बसतात, त्यांना हात लावायला फुरसत नसते. ॲल्युमिनियमवाल्याकडे उलट मोकळा वेळ. अडचण एकच, मुंबईचा जुलै. दमट हवेतली ओल म्हणजे हायड्रोजन, आणि वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन पितं. थंड होताना तो बुडबुडे होऊन वेल्डमध्ये अडकतो.

मिस्त्रीने कामाच्या दिवशी जी फिलर तार काढली ती ४०४३. शॉपमध्ये तीच पडलेली असते, खिडक्या-रेलिंगला ती चालते, वाहतेही छान. पण तीत सिलिकॉन (सीलंट नव्हे, मूलद्रव्य) आहे, आणि भरपूर मॅग्नेशियमच्या ५०८३ बरोबर तिचा जोड ठिसूळ होतो. ५३५६ मागवली. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडलं, म्हणजे उष्णतेने तो पुढे धावणार नाही. मग रेघ व्हीच्या आकारात कोरून काढली, ॲसिटोनने पुसली, आणि वेल्डच्या अगदी आधी नव्या स्टेनलेस ब्रशने घासली. हा ब्रश लोखंडावर कधी वापरलेला नसावा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइड दोन हजारांच्या वर. तो न काढता टिग वेल्डिंग केलं तर खाली पाणी आणि वर कातडं अशी स्थिती होते. ओल उडवायला गरम केलं ते हाताला सोसेल इतपतच, कारण जास्त मॅग्नेशियमचा हा धातू ६५ अंशांच्या वर फार वेळ ठेवला तर त्याच्या कणांच्या सीमा गंजायला सोप्या होतात.

तडा भरून भागणार नव्हतं. दोन्ही नी पुढे लांबवले आणि टोकं निमुळती करत पुढच्या आडव्या वांकावर नेऊन संपवली. आता धक्का उघड्या पत्र्यावर उतरत नाही. पोचे तसेच ठेवले. ठोकून सरळ करायची डॉक्टरांना फार इच्छा होती, पण हा धातू ठोकला की कडक होतो आणि मग चिरतो. पोचा पाणी अडवतो, चीर अडवत नाही.

ट्रान्सम पुन्हा वीस इंच उंच केला, लांब शाफ्टच्या मापाला. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा आणि समोरून वारा असला की मागून पाणी आत येतं, पाच इंच तिथे फार असतात. आतला गाभा १८ मिलिमीटर मरीन प्लायचे दोन थर, आयएस ७१० या मानकाचे, इपॉक्सीने चिकटवून सगळ्या बाजूंनी इपॉक्सीत बुडवलेले. लाकूड कुजतं ते मधून नव्हे, बोल्टच्या भोकातून. म्हणून भोकं आधी मोठी पाडली, इपॉक्सीने बुजवली, आणि त्या इपॉक्सीत मापाची भोकं पाडली. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, नागदेवी स्ट्रीटवरून; प्रत्येकाला नायलॉनचं वॉशर-बुश आणि पॉलिसल्फाइड सीलंट. मागचा पितळी बूच काढून नायलॉनचा बसवला. बॅटरीची निगेटिव्ह हलला जोडलेली नाही, दोन्ही तारा वेगळ्या नेल्यात. हलच्या बदली स्वतः झिजणारा ॲल्युमिनियमचा अॅनोड एक, तोही रंगवायचा नाही हे नाखव्याला सांगून ठेवलंय, कारण कोळीवाड्यात ब्रश हातात आला की काही सुटत नाही.

हल रंगवलंच नाही. रोज वर येणाऱ्या, गोड्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या ५०८३ ला रंग लागत नाही. पाण्यात उभी राहणार असती तर इपॉक्सी प्रायमरचे थर आणि तांबं नसलेला तळाचा रंग, असा वेगळा खर्च होता. डॉक्टरांना निळा आवडतो, त्यांनी निळा कॅनव्हास घेतला.

सजावटीचं भांडण

डॉक्टरांच्या डोक्यात निळीच्या खुर्च्या होत्या. त्यांना पुढे उंच डेक हवा होता, त्यावर खुर्ची, त्यावरून उभं राहून गळ टाकायचा. नाखवा म्हणाला, "डाक्टर, भांगाच्या दिवशी उभे राहाल. उधाणाला पडाल." भांग म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, उधाण मोठ्या भरतीचे. साडेपंधरा फुटांच्या बोटीत माणूस हातभर वर चढला की तिचा डोल बदलतो. तडजोड अशी की पुढचा डेक नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, काठाच्या बराच खाली ठेवला, गुडघा टेकायला उशी लावली, खुर्ची फक्त मागे आणि तीही बुटकी. फरशी चेकर्ड ॲल्युमिनियमची, तुकड्यांत, चार बोल्ट काढले की उचलून बिल्ज धुता यावं अशी. एप्रिलच्या उन्हात उघडा पत्रा पाय भाजतो म्हणून वर ईव्हीएचे, म्हणजे रबरी फोमचे, पॅड. कार्पेटचं नाव डॉक्टरांनी स्वतःच काढलं नाही.

फोमचा हिशेब डॉक्टरांना कागदावर करून दिला. ॲल्युमिनियम बुडालं की त्याचं वजन साधारण ६३ टक्केच उरतं, म्हणून हल आणि फरशी मिळून पाण्यात ११५ किलोच्या आसपास. पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन ५०, बॅटरी-नांगर-सामान २५. एकूण १९०. काठ धरून लोंबकळणाऱ्या माणसांसाठी वर ६०. एक लिटर फोम जवळपास एक किलो पेलतो, म्हणून २५० लिटर. तोही फरशीखाली न कोंबता दोन्ही बाजूंना काठाच्या जवळ आणि मागे इंजिनच्या दोन्ही अंगांना, ओतलेला नव्हे, बंद छिद्रांच्या फोमचे ठोकळे पट्ट्यांनी बांधलेले. सगळा फोम तळाशी असला तर पाणी भरलेली बोट उलटी होऊन सुखाने तरंगते. ठोकळे काढून वजन करता येतं, पाणी प्यालं की कळतं.

खर्च: हल ८२ हजार, वेल्डिंग-नी-ट्रान्सम ३४, फरशी-फोम-हार्डवेअर ४१, जुनं लांब शाफ्टचं फोर-स्ट्रोक इंजिन एक लाख पंधरा, ट्रॉली १८, वाहतूक-लॅब-कागदपत्रं २० हजार. तीन लाख दहा हजार. निळी तयार दिसत होती तिथून सुरुवात करून याच जागी यायला याहून जास्त लागले असते, आणि रिव्हेट तरी रिव्हेटच राहिले असते.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली. इंजिन वेगळं उतरवलं की डॉक्टर आणि नाखवा दोघांत ती चढते, भरतीच्या वेळी सहज, ओहोटीला चिखलातून जरा शिव्या देत. पहिल्या महिन्यात एकच दुरुस्ती निघाली, आणि ती बोटीत नव्हती. ट्रॉलीवाल्याने हल टेकायला लाकडी पट्ट्या लावून त्यांच्यावर कार्पेट ठोकलं होतं, लोखंडी खिळ्यांनी. ते काढून एचडीपीई प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या. चाकांची बेअरिंग खाऱ्या पाण्यात दर वेळी बुडतात, त्यांना ग्रीस मारायचं काम पुतण्याकडे आहे. त्याचे पैसे किती, यावर घासाघीस अजून चालू आहे.